एका पानात बसवलेली सून

हार घालून झाला? बुक्का लावून झाला? चहाला गेलेली मंडळी परत आली? नाही आली! येतील, येतील. कीर्तन काय, टपरीवरूनही ऐकू येतं असं त्यांचं म्हणणं असतं. असो. खांबाला टेकलेल्यांनी जरा सावरून बसा. पूर्वरंगात झोपलात ते झोपलात — उत्तररंगात डुलकी घेतलीत तर मी नाव घेऊन हाक मारतो!

तर मंडळी, प्रश्न काय धरला होता आपण? माणसानं स्वतःविषयी किती सांगावं?

सोपा वाटतो, नाही? मागच्या महिन्यात एका यजमानांकडे उतरलो होतो. त्यांचा मुलगा इंजिनियर. सकाळपासून दार लावून आत बसलेला. म्हटलं, बाळ, काय चाललंय? म्हणाला, "बुवा, नोकरीसाठी रेझ्युमे लिहितोय. एक पानी ठेवावा की दोन पानी, ठरतच नाही!" म्हटलं, वय किती तुझं? तर चोवीस! अरे, चोवीस वर्षांत दोन पानं भरतील एवढं केलंस तरी काय? कागद हातात घेतला — त्यात लिंबू-चमच्याच्या शर्यतीतला दुसरा नंबरसुद्धा होता हो! हसा, हसा. आता हसून घ्या. पुढे हसायला फारसं मिळणार नाही.

पूर्वरंगात आपण म्हटलं, 'मी' जितका आखूड तितका देव जवळ. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. पेटीवर आमचे बंडोपंत आहेत, त्यांनीही डोलावली, आणि ते सहसा कशालाच डोलावत नाहीत. मग सरळच झालं की! कमी लिहावं. एक पान. अर्धं पान. कोरं पान! असंच ना? पण मंडळी, मला एका घराची गोष्ट ठाऊक आहे. ती आठवली की हे उत्तर माझ्या घशाखाली उतरत नाही. ऐका.

रोह्याच्या बाजूला एक गाव. तिथे त्र्यंबकराव दिघे नावाचे गृहस्थ. सगळा जन्म तालुक्याच्या कचेरीत गेला, हेड क्लार्क होऊन निवृत्त झाले. माणूस सज्जन. टेबलाखालून कधी काही घेतलं नाही. आणि हातात एक कसब होतं — टिप्पणी! म्हणजे काय, की लोकांचे अर्ज यायचे चार-चार, पाच-पाच पानी. बांधाचं भांडण, विहिरीचं पाणी, भावानं फसवलं, काकानं लुबाडलं. साहेबाला एवढं वाचायला वेळ कुठला! त्र्यंबकराव ते वाचायचे आणि त्यांचं सार अर्ध्या पानात लिहून वर ठेवायचे. साहेब टिप्पणी बघायचा आणि सही ठोकायचा. "दिघे, तुम्ही हत्ती काडेपेटीत बसवता!" असं एक साहेब म्हणाला होता म्हणे. ते वाक्य त्र्यंबकराव आल्यागेल्याला ऐकवायचे. ऐकवू देत! जन्मभर खर्डेघाशी केलेल्या माणसाला तेवढं एक पदक मिळालेलं.

आता घरात कोण? बायको — सगळे तिला माई म्हणत. मुलगा सतीश. आणि सून हेमलता. मूलबाळ झालं नाही त्यांना. माईंना एके दिवशी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. पाच-सहा वर्षं माई अंथरुणावर होत्या, मंडळी! पाच-सहा वर्षं! मग आधी मुलगा गेला — सतीश — छातीत कळ आली आणि अलिबागच्या दवाखान्यात सगळं संपलं. आणि वर्ष उलटतं न उलटतं तोच माईही गेल्या.

मागे उरले दोघं. सासरा आणि सून. एवढ्या मोठ्या घरात दोन ताटं.

संध्याकाळी दिवा लावून हेमलता ओट्याशी उभी असायची आणि त्र्यंबकराव झोपाळ्यावर बसून तिच्या पाठीकडे बघायचे. काय येत असेल मनात? हेच — की माझी पेन्शन माझ्या श्वासाबरोबर थांबणार. मग हिचं काय? माहेरी भाऊ नाही. पदरात लेकरू नाही. चाळिशी उलटलेली बाई. मी डोळे मिटले की हिच्याकडे कोण बघणार? रडायचे नाहीत ते. कचेरीतला माणूस, रडणार कसा! पण जेवताना ताटातला भात नुसता चिवडत बसायचे.

आणि एक दिवस वर्तमानपत्रात जाहिरात आली. तिथून बसनं तासाभरावर वृद्धांची एक संस्था होती, त्यांना एक बाई हवी होती. मदतनीस-व्यवस्थापिका. राहायला खोली, जेवणखाण तिथंच. 'शिक्षण व अनुभवाच्या माहितीसह भेटावे.' त्र्यंबकरावांना वाटलं, देवच पावला! नोकरीही झाली आणि डोक्यावर छप्परही झालं. उद्या मी गेलो तरी हिला कोणी जा म्हणणार नाही.

"हेमा! अगं ए हेमा! बायोडाटा लिही. आजच लिहायला घे!"

हेमलतानं लिहायला घेतला. आता तिनं बायोडाटा आयुष्यात कधी लिहिलेला नव्हता — लग्नाचा सोडून! आणि तोही तिच्या वडिलांनीच लिहिला होता. रंग गोरा, उंची अमुक, स्वभाव मनमिळाऊ! तेव्हा तिला जसं सुचेल तसं तिनं लिहिलं. दुपारची भांडी आटोपली की फुलस्केप घेऊन बसायची. लिहायची, थांबायची, खिडकीबाहेर बघायची, परत लिहायची. असं करत चार पानं झाली. आणि सासऱ्यांपुढे ठेवली.

"नाना, बघता का जरा?"

बघता का! अहो, जन्मभर दुसरं केलं काय त्यांनी? चष्मा चढवला. लाल पेन काढलं. पहिलं पान — नाव, पत्ता, बी. कॉम. लग्नाआधी पतपेढीत तीन वर्षं नोकरी. "छान! हे ठेवायचं." दुसरं पान उलटलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय?"

"माईंचं आहे, नाना."

"ते दिसतंय. पण ह्यात कशाला?"

"अनुभव लिहा असं होतं ना... म्हणून."

"अगं, अनुभव म्हणजे नोकरीतला! घरात म्हातारं माणूस कोण सांभाळत नाही? आणि ह्याला दाखला आहे?"

"दाखला?"

"सर्टिफिकेट! शिक्का! कचेरीचा साधा नियम आहे, बाई. ज्याला दाखला नाही ते घडलंच नाही. उद्या कोणीही लिहील, मी दहा वर्षं डोंगर उचलला. पुरावा काय?"

हेमलता खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शिक्का नव्हताच तिच्याकडे!

आणि खरं सांगू का, मंडळी? दाखल्याचं होतंच, पण त्र्यंबकरावांच्या मनात आणखी एक होतं. त्या पानावर बेडपॅनचं लिहिलं होतं. जखमा पुसायचं लिहिलं होतं. आपल्या बायकोची ती दशा चार परके लोक टेबलावर ठेवून वाचणार — त्यांना सहन झालं नाही. ते तिला सांगता येईना. म्हणून नियम सांगितला! आपण पुरुष असंच करतो की नाही? आतून कळवळतो आणि तोंडानं नियम सांगतो.

लाल रेघ ओढली. दुसरं पान गेलं. तिसरं पान तर त्यांनी वाचलंसुद्धा नाही — वर 'माई' हा शब्द दिसला आणि तिरपी रेघ मारली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौथ्यावर महिला मंडळाचा जमाखर्च होता, तो दोन शब्दांत पहिल्या पानावर घेतला. झालं! चार पानांचं एक पान. हत्ती काडेपेटीत!

"हे बघ, कसं सुटसुटीत झालं! तिथली माणसं वरच्या चार ओळी वाचतात, बाकी कोण वाचतंय?"

हेमलतानं पान बघितलं. मग हळूच म्हणाली, "नाना, माईंची एक ओळ तरी ठेवू या का? फक्त एक?"

"एक ओळ वाढली की पान उलटतं, हेमा. उगाच दुसऱ्या पानावर एकच ओळ लोंबकळत राहील. वाईट दिसतं."

"बरं," ती म्हणाली.

ऐकलंत? 'बरं.' भांडली नाही, रुसली नाही. तुमच्या घरात हा शब्द ऐकू येतो का हो? कितीदा येतो? तेव्हा मान वर करून बघता का कधी?

मुलाखतीच्या दिवशी जाताना दारात तिनं एकच विचारलं, "मधल्या वर्षांचं विचारलं तर काय सांगू?"

"सांग, घरगुती कारणास्तव. कचेरीत तेच लिहितात. त्याच्यापुढे कोणी विचारत नाही."

ती गेली. त्र्यंबकरावांनी देवापुढे साखर ठेवली. दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर. संध्याकाळी ती आली, पाय धुतले, चहा टाकला. "काय झालं?" "कळवतो म्हणाले." पंधरा दिवस गेले आणि फोन आला — दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. क्षमस्व.

हेमलता म्हणाली, "असू दे, नाना." आणि आमटीला फोडणी द्यायला वळली.

पण त्र्यंबकराव! मनुष्य पेटला हो! बी. कॉम. झालेली सून, पतपेढीचा अनुभव, एवढा आखीवरेखीव बायोडाटा — आणि नाकारली? आणि कळलं काय, तर जिला घेतली ती मुलगी बारावी नापास! हा अन्याय आहे! वशिला आहे! हेमलताला न सांगता, धुतलेला सदरा घालून, छत्री घेऊन, बस पकडून गृहस्थ थेट संस्थेत हजर. तिथल्या मुख्य बाई होत्या रेगेबाई. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या.

"मला निवडीचे निकष हवेत!" त्र्यंबकराव उभ्यानंच कडाडले. "लेखी हवेत!"

रेगेबाईंनी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग कपाटातून ते एक पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. स्वच्छ, सुटसुटीत.

"दिघेसाहेब, आमच्याकडे हिशेब लिहायला माणूस आहे. आम्हाला बाई हवी होती ती अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांसाठी. शिकलेल्या मुली येतात, घाण बघतात, महिन्याभरात निघून जातात. आम्हाला टिकणारी हवी होती. जिला घेतली तिनं अर्जात एवढंच लिहिलंय — आजी अंथरुणावर होती, तिचं मी सगळं केलं. आठ महिने."

आठ महिने! त्र्यंबकरावांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"पण दाखला..." ते पुटपुटले. "ह्याला दाखला तर..."

"कसला दाखला? अशा कामाचा दाखला कोण देतं? आणि तुमच्या सूनबाईंना तर मीच घेणार होते." रेगेबाईंनी खिडकीकडे बोट केलं. "त्या बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. शेजारी खाटेवर आमच्या एक आजी. आजी एका अंगावर कलल्या, तर तुमच्या सूनबाई उठल्या, पाठीखाली उशी सरकवली, गुडघ्यांमध्ये टॉवेलची घडी ठेवली. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, हिला येतं! हे पुस्तकात वाचून येत नाही. म्हणून मुलाखतीत मी मुद्दाम विचारलं — मधली एवढी वर्षं काय करत होतात? त्या पदराशी चाळा करत बसल्या. मी परत विचारलं. खोदून खोदून विचारलं हो! संस्थेच्या मंडळाचे लोक बसले होते, त्यांना कागदावर काही दिसायला हवं, नाहीतर तोंडून काही ऐकू यायला हवं. तुमच्या सूनबाईंनी खाली बघितलं आणि म्हणाल्या..."

काय म्हणाली, मंडळी? सांगा! काय म्हणाली असेल?

"'काही नाही. घरीच होते.'"

काही नाही! घरीच होते!

सासऱ्यानं शिकवलेलं 'घरगुती कारणास्तव' सुद्धा तिच्या तोंडून निघालं नाही. त्यात निदान कारण तरी आहे! ही म्हणाली — काही नाही.

त्र्यंबकरावांना एकेक आठवायला लागलं. घरीच होती... होतीच की! माईंची दर दोन तासांनी कूस बदलायला घरीच होती. एवढ्या वर्षांत माईंच्या पाठीला एक जखम चिघळू दिली नाही तिनं. जी झाली ती पुसून पुसून बरी केली. पेज भरवायला तास-तास लागायचा, कारण घास कुठे अडकेल नेम नाही. माईंची वाचा गेली होती, पण कण्हण्यावरून तिला कळायचं — हे दुखतंय, हे तहान, हे नुसतं कोणीतरी जवळ बस. कण्हणं सगळं एकच हो! खुद्द त्र्यंबकरावांना कळत नव्हतं, तिला कळायचं. आणि ज्या दिवशी सतीशच्या छातीत कळ आली, त्या दिवशी त्याला घेऊन अलिबागला कोण धावलं? त्र्यंबकराव. शेवटी त्याचा हात कोणाच्या हातात होता? बापाच्या. बायको कुठे होती? घरीच होती! माईंना टाकून निघता येईना. नवऱ्याचं तोंड तिनं बघितलं ते पांढऱ्या चादरीतलं.

त्याचा दाखला मागितला होता सासऱ्यानं! आणि दाखला देणारा, सगळं डोळ्यांनी बघितलेला, जिवंत उरलेला साक्षीदार एकच होता. तोच लाल पेन घेऊन बसला होता.

"बाई," त्र्यंबकराव म्हणाले, "आता काही... मी लिहून देतो. पाहिजे तेवढं लिहून देतो."

"जागा भरली हो," रेगेबाई म्हणाल्या. "ती मुलगीही गरजू आहे. तिला कशी काढू?"

बरोबर होतं त्यांचं. कोणाला बोल लावणार? छत्री तिथंच विसरून त्र्यंबकराव बाहेर पडले. बसमध्ये खिडकीशी बसून म्हातारा रडत होता आणि कंडक्टर विचारत होता, आजोबा, कुठं उतरायचं? त्यांना स्वतःच्या गावाचं नाव पटकन सांगता येईना.

घरी आले. हेमलता सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"कुठे गेला होतात, नाना? जेवणाची वेळ टळली."

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. आयुष्यात कधी सुनेसमोर जमिनीवर बसलेले नव्हते. ती गडबडीनं उठायला लागली. त्यांनी हातानं थांबवलं.

"हेमा, तिथं त्यांनी विचारलं, तर तू काही नाही का म्हणालीस?"

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. रागावली नव्हती हो! रागावली असती तर बरं झालं असतं. सरळ आवाजात म्हणाली, "मग काय म्हणायचं होतं, नाना? लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की ते काहीतरी आहे. पण तुम्ही काढलंत. एवढी वर्षं कचेरीत होतात तुम्ही. काय धरायचं नि काय नाही ते तुम्हाला कळतं. म्हटलं, खरंच काही नसेल ते."

मंडळी! कागदावरची रेघ कुठे जाऊन पोचली बघा! त्यांनी पान कापलं होतं. आणि त्या बाईनं आतून आपलं आयुष्य कापून टाकलं होतं. कुणाच्या शब्दावर? ज्याला ती बाप मानत होती त्याच्या!

"चुकलं माझं," त्र्यंबकराव म्हणाले. "ती पानं दे. मला वाचायची आहेत. मी नीट वाचलीच नाहीत गं! त्या तिसऱ्या पानावर काय होतं?"

"ती पानं? बंबात घातली, नाना. पाणी तापवायला. तुम्ही काट मारली होती ना, मग ठेवून काय करायची?"

"मग तोंडी सांग. मी बसलोय. सगळं सांग. माईचं सांग, तुझं सांग. कितीही वेळ लागू दे."

आणि मंडळी, त्या म्हाताऱ्यानं खरंच कान देऊन, हात जोडून तिच्याकडे बघितलं. हेमलतानं तोंड उघडलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं. सूप मांडीवर तसंच. मग तिनं मान हलवली.

"काय सांगू, नाना... काही नाही हो."

आणि परत तांदूळ निवडायला लागली.

इथे गोष्ट संपते. तुम्ही म्हणाल, बुवा, पुढे नोकरी लागली असेल की! रेगेबाईंचा निरोप आला असेल! नाही आला. उगाच गोड करून सांगायला माझी जीभ उचलत नाही. ती आजही त्या घरातच आहे. त्र्यंबकराव रोज एकदा विचारतात, ती रोज हसून दुसरं काहीतरी बोलते. तो म्हातारा आता मरणाला भीत नाही, त्याला एकाच गोष्टीची भीती आहे — हिनं सांगायच्या आत आपण गेलो तर?

तर मंडळी, किती लिहावं? एक पान की चार पानं? स्वतःचा 'मी' आखूड करा, खुशाल करा! देव त्यानं पावेल. पण दुसऱ्याचा 'मी' छाटायला हातात लाल पेन कोणी दिलं तुम्हाला? आणि छाटून झाल्यावर वर म्हणायचं, ती किती नम्र आहे, कधी काही बोलत नाही! हे पाप कुठल्या पुराणात बसवू मी?

हसताय का कोणी? नाही ना? मग पुढचं ऐका. तुम्हाला कोणी विचारतं, घरी मंडळी काय करतात? तुम्ही काय सांगता? तुम्ही, पागोटेवाले काका? तुम्ही, मास्तर? जरा मोठ्यानं! 'काही नाही, घरीच असते!' बायकोसमोर सांगता. सगळ्या पाहुण्यांदेखत सांगता. ती चहाचा ट्रे घेऊन उभी असते, आणि ऐकते. ऐकून ऐकून तिलाही तेच खरं वाटायला लागतं.

आता बंडोपंत, पेटी थांबवा. आरती लावू नका. थांबा!

मंडळी, समोर बघा. सगळ्या सतरंजीवर कोण बसलंय? पुरुष. कडेला दोन-चार आज्या. बाकीच्या कुठेत हो? वास येतोय ना आमटीचा? देवळामागे चुली पेटल्यात. सकाळपासून तुमच्या महाप्रसादासाठी त्या धुरात उभ्या आहेत. तासभर मी घसा फोडून ज्यांची गोष्ट सांगितली, त्यातल्या एकीच्याही कानावर ती गेली नाही!

उठा. तुम्ही उठा, मास्तर. तुम्हीही, काका. जा मागे. ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या बाईला हात धुवायला सांगून घेऊन या, आणि इथं, पुढच्या रांगेत बसवा. आमटी करपली तर करपू दे. त्या येऊन बसेपर्यंत हा देव असाच वाट बघत उभा राहील, आणि मीही.